डुलक्याच्या वाटणीचा बांध

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. एवढं खरं, की तेव्हाही समुद्राचं पाणी खारटच होतं आणि माणसं आजच्यासारखीच होती.

एका खाडीच्या तोंडाशी मीठ पिकवणाऱ्यांचं गाव होतं. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता आणि बांधाच्या अलीकडे मिठाचे वाफे. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, ऊनवाऱ्याने आटू द्यायचं, मीठ धरलं की लाकडी फळीने ओढून काठावर लावायचं, हा त्या लोकांचा उद्योग. पावसाळ्याच्या तोंडावर गलबतं येत. ती मीठ घेऊन जात आणि बदल्यात तांदूळ देत. मीठ झालं तर पावसाळाभर चूल पेटणार, नाही झालं तर पोटाला चिमटा.

गावाची एक रीत होती. सगळ्यांचं मीठ एकाच ठिकाणी आणून टाकायचं. त्याची एकच मोठी रास व्हायची. राशीच्या बदल्यात आलेले तांदूळ घरातली तोंडं बघून वाटायचे. गावच्या वैद्यबुवांचं पोटही त्याच राशीवर. कुणी आजारी पडलं तर त्याने घरी पडून राहावं, त्याच्या वाट्याचे तांदूळ त्याला घरपोच मिळत.

रीत चांगल्या मनाने घातलेली होती. पूर्वी कधीतरी समुद्राने अर्धं गाव ओढून नेलं होतं, तेव्हा उरलेल्यांनी एकमेकांना धरून राहायचं ठरवलं. अशा वेळी घातलेल्या रीतीला मी नावं ठेवणार नाही. पण ती घालणारी माणसं गेली, आणि मागे नुसती रीत उरली.

मिठाचं काम मोठं नाजूक असतं. पहाटे, वारा उठायच्या आत, फळी हलक्या हाताने फिरवावी लागते. मग मीठ पांढरंशुभ्र उतरतं. ऊन चढल्यावर गेलात तर मीठ तळाला घट्ट बसलेलं असतं. मग जोर लावावा लागतो आणि मिठाबरोबर खालचा चिखल वर येतो.

आता मला सांगा, पांढरं मीठ टाकलं काय आणि चिखलाचं टाकलं काय, घरी येणारे तांदूळ तेवढेच, तर पहाटे थंडीत कोण उठेल?

गावात बायजा नावाची एक बाई उठायची. नवरा गलबतावर कामाला, वर्षातून एकदा तोंड दाखवायचा. घरात म्हातारी सासू आणि दोन पोरी. बायजाचा हात असा हलका, की तिचं मीठ ओंजळीत घेतलं तर तांदूळ समजून कोणी शिजत घालावं. ते मीठ पाटीत घेऊन ती राशीपाशी जायची आणि डोळ्यांदेखत ते चिखलाच्या मिठावर पडून मळायचं. तिचा रोज जीव जळायचा.

तिच्या शेजारच्या वाफ्याचा मालक होता डुलक्या. त्याचं खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण ते त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. हा गडी सूर्य डोक्यावर आल्यावर वाफ्यावर यायचा, फळीवर हनुवटी टेकायचा आणि उभ्या उभ्या डुलक्या काढायचा. कधी कधी तर यायचाच नाही. विचारलं की म्हणायचा, "पोटात कळ येते."

"कुठे येते?" वैद्यबुवा विचारायचे.

"आज डावीकडे."

"काल उजवीकडे होती ना?"

"फिरती कळ आहे, बुवा."

वैद्यबुवा कपाळाला हात लावायचे. त्यांच्या ओसरीवर अशा फिरत्या कळांची रोज रांग लागे. शेवटी त्यांनी एक काढा करून ठेवला होता, तोच सगळ्यांना पाजायचे. पोटदुखीला तोच, पाठदुखीला तोच, जावईदुखी असली तरी तोच. त्यांचंही चुकलं असं कसं म्हणावं? नाडी बघितली तरी तेवढेच तांदूळ आणि नाही बघितली तरी तेवढेच.

एका वर्षी गलबतवाल्याने राशीत हात घातला, बोटांना लागलेला चिखल बघितला आणि म्हणाला, "हे मीठ म्हशींना चाटायला ठीक आहे." त्या वर्षी तांदूळ निम्मेच आले.

मग गावाची बैठक बसली. बायजा पदर खोचून उभी राहिली.

"मी पहाटे उठते, डुलक्या दुपारी उठतो. ताटात दोघांच्या सारखंच. मला डुलक्याचा राग नाही. पण आता माझी थोरली पोर विचारते, आये, आपण तरी कशाला उठायचं? तिला काय सांगू?"

गावचा म्हातारा पाटील हळूच म्हणाला, "बाई, तुझं खरं आहे. पण आजाऱ्या-दुबळ्यांचं काय?"

"कोण आजारी?" बायजा म्हणाली. "डुलक्या?"

सगळी बैठक हसली. डुलक्याही हसला. त्या हसण्यातच निकाल लागून गेला: यापुढे ज्याचं मीठ त्याचं.

इथवर झालं ते ठीक झालं. पण माणसाला वाटणी करायची चटक लागली की हात थांबत नाही. कुणी म्हणालं, मीठ वाटलं तर वैद्य कशाला एकत्र ठेवायचा? ज्याला गरज त्याने बोलवावं आणि पाटीभर मीठ द्यावं. वैद्यबुवा फिरत्या कळांना इतके कंटाळलेले, की तेच आधी हो म्हणाले. आणि कुणी म्हणालं, मग बांधही वाटा.

आता बांधाचं सांगतो. त्या बांधात खेकडे बिळं करायचे. बीळ आज बोटाएवढं, चार दिवसांनी मनगटाएवढं, आणि एकदा का उधाणाचं पाणी त्यात शिरलं की बांधाला खांड पडायला वेळ लागत नाही. म्हणून रोज सकाळी सगळं गाव ओळीने बांधावरून चालायचं. बीळ दिसलं की चिखल-पेंढा कोंबायचा आणि टाचेने दाबायचं. चालता चालता सुनांच्या आणि सासवांच्या चुगल्या व्हायच्या, लग्नं जमायची, भांडणं मिटायची. बांधाच्या कामात अंगचोरी कधीच कुणी केली नव्हती. डुलक्यासुद्धा चालायचा, अर्धवट झोपेत का होईना.

पाटील कळवळून म्हणाला, "अरे, मिठाची वाटणी करा, पण बांधाला हात लावू नका."

पण नव्याच्या उत्साहात म्हाताऱ्याचं कोण ऐकतं? लोकांनी बांधावर खुंट्या ठोकल्या. इथून तिथवर तुझा, तिथून पुढे माझा. ज्याने त्याने आपापल्या खुंट्यांमधली बिळं बुजवायची. दुसऱ्याच्या खुंटीपलीकडे बघायचंसुद्धा नाही. डुलक्याच्या वाट्याला आला तो बायजाच्या लगतचा तुकडा.

आणि काय सांगू तुम्हाला, गाव पालटलं! पहाटे वाफ्यांवर माणसंच माणसं. काठाकाठाने पांढऱ्याशुभ्र राशी उभ्या राहिल्या. लवकर आलेल्या एका गलबताने बायजाला तिच्या मिठाच्या बदल्यात घडीव दगड आणून दिले. तिची झोपडी दर पावसाळ्यात पाण्यात असायची, म्हातारी सासू खाटेवर पाय घेऊन बसायची. आता घराला दगडी जोतं बांधायचं होतं. तिने दगड दारात रचून ठेवले आणि त्यांच्याकडे ती दहादा बघायची.

सगळ्यांत मोठं नवल मात्र डुलक्याचं. ज्या दिवशी त्याला कळलं की हे मीठ आपलं, त्या दिवसापासून तो अंधारातच उठू लागला. हाताला घट्टे पडले. त्याची रास बायजाच्या राशीच्या खांद्याला लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मालकीचं काहीतरी उभं राहिलं होतं. तो राशीभोवती फेऱ्या मारायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच हाक मारून थांबवायचा. आपलं म्हटलं की माणूस असा जागा होतो. हे ज्यांना पटत नाही त्यांनी डुलक्याचे घट्टे बघायला हवे होते.

आणि मग एके दिवशी डुलक्या वाफ्यावर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बायजा आपल्या तुकड्यावरची बिळं बुजवत खुंटीपाशी आली आणि सहज पलीकडे नजर गेली. डुलक्याच्या तुकड्यावर ताजी बिळं दिसत होती. तिला वाटलं, टाकावा मूठभर चिखल. ती वाकलीसुद्धा. पण मन म्हणालं, आज मी बुजवलं की उद्या हा उठायचाच नाही. मग एवढं सगळं केलं कशाला? ती सरळ झाली आणि परत फिरली.

वाटेत डुलक्याची बायको दारात उभी दिसली.

"काय गं, कुठे आहे तुझा धनी?"

"अंगात ताप आहे गं त्यांच्या."

"आज डावीकडे की उजवीकडे?" बायजा म्हणाली आणि हसत पुढे गेली.

डुलक्याची बायको घरात वळली. काय बोलणार? ज्याने इतकी वर्षं खोटं आजारपण खाल्लं, त्याचं खरं आजारपण कुणाच्या घशाखाली उतरणार?

ताप खरा होता. आणि जबर होता. बायको म्हणाली, वैद्यबुवांना बोलावते. डुलक्या म्हणाला, "नको. एकदा आले की पाटीभर मीठ जाईल. ताप उतरेपर्यंत रोज येतील. माझी रास अर्धी होईल. गलबतं येऊ देत, मग बघू." आजवर वैद्यबुवांची ओसरी झिजवणारा हा माणूस, पण आता मीठ स्वतःचं होतं, आणि ते राखायला तो जीव पणाला लावून बसला. वैद्यबुवा त्याच्या दारावरून रोज जात. आतलं कण्हणं त्यांच्या कानावर पडत होतं. एकदा ते थबकलेही. पण बोलावल्याशिवाय जायचं नाही, अशी नवी रीत होती. ते पुढे गेले.

खेकड्यांना मात्र कुठलीच रीत ठाऊक नव्हती. डुलक्याच्या खुंट्यांमध्ये टाच पडत नाही, एवढं त्यांना कळलं आणि त्यांनी तिथेच संसार थाटला.

अमावास्या आली. सगळी गलबतं खाडीबाहेर येऊन थांबली होती. भर दुपारी उधाणाचं पाणी चढलं आणि बांधावरून ओरडा झाला, "खांड पडली! खांड पडली!"

आता ऐका, त्या शहाण्या माणसांनी काय केलं. सगळं गाव धावलं आणि प्रत्येक जण आपापल्या तुकड्यावर जाऊन उभा राहिला! "माझा धड आहे," एक म्हणाला. "माझाही धड आहे," दुसरा म्हणाला. आपापल्या धड बांधावर उभं राहून ते आपल्या राशींचे पाय पाण्यात विरघळताना बघत होते. समुद्र एकाच तुकड्यातून आला होता, पण आत आल्यावर तो सगळ्यांच्या वाफ्यांत गेला.

बायजाही आपल्या तुकड्यावर धावली. शेजारी खांडीत पाणी घोंगावत होतं आणि त्या पाण्यात कमरेइतका उभा राहून एक माणूस दोन्ही हातांनी चिखल लोटत होता. चिखल टाकला की वाहून जायचा, तो पुन्हा टाकायचा. डुलक्या होता. उभ्याने तोल जात होता, त्याच्या जुन्या डुलक्यांसारखाच. बायजाला संताप आला. हा आता आला! तिने त्याला बाजूला ओढायला दंडाला धरलं आणि तिचा हात भाजला.

माणसाचं अंग इतकं तापलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

त्याचे दात वाजत होते. तो म्हणाला, "बायजाबाई, मी झोपलो नव्हतो गं. शप्पथ, झोपलो नव्हतो."

बायजाला ती खुंटी आठवली. त्या दिवशी आपण तिथे वाकलो होतो, मूठभर चिखलाचं काम होतं, आणि आपण परत फिरलो. ती जी ओरडली ते सगळ्या बांधावर ऐकू गेलं.

"अरे, आपापल्या खुंट्या काय राखताय! सगळे इकडे या! माझ्या दारातले दगड आणा!"

"जोत्याचे?" कुणीतरी विचारलं.

"आणा म्हणते ना! सगळे आणा!"

मग गाव धावलं. हातोहात दगड आले, कुणी दाराच्या फळ्या आणल्या, कुणी खाट आणली. बायजाने पहिला दगड स्वतः खांडीत ढकलला. पाटील काठी टाकून चिखल तुडवायला उतरला. वैद्यबुवांनी डुलक्याला पाठीवर घेतलं आणि कुणी बोलावलं की नाही, पाटी मिळणार की नाही, याचा विचारही न करता घरी नेलं. ओहोटी लागेपर्यंत माणसं पाण्यात उभी होती. खांड बुजली. पण मीठ बरंचसं गेलं होतं. बायजाच्या राशीतलं उरलं ते एका पाटीत मावलं, आणि डुलक्याची रास तर होती की नव्हती ते सांगायलाही खूण उरली नाही.

त्या पावसाळ्यात गावाने तांदूळ थोडे आणि खेकडे पुष्कळ खाल्ले. बायजाची सासू पुन्हा खाटेवर पाय घेऊन बसली. बायजा पाणी उपसायची, पण दगड परत काढायचं नाव तिने घेतलं नाही.

डुलक्या वाचला. वैद्यबुवा रोज जाऊन त्याच्या उशाशी बसत होते. तो हिंडूफिरू लागल्यावर बैठक बसली. एक जण म्हणाला, "बघितलं? म्हणून मी म्हणत होतो, पुन्हा एकच रास करा." दुसरा म्हणाला, "छे! डुलक्याचाच वाफा काढून घ्या, म्हणजे झालं." दोघांची चांगलीच जुंपली.

मग बायजा उठली.

"एकच रास होती तेव्हा हा खोटं आजारी पडायचा," ती म्हणाली. "कारण त्यात त्याचं काही जात नव्हतं. सगळं वाटून घेतलं तेव्हा याने खरं आजारपण वैद्यबुवांपासून लपवलं. कारण सांगितलं असतं तर त्याचं सगळं गेलं असतं. माणूस तोच आहे. आपणच त्याला दोन्ही वेळा नको ते शिकवलं. मीही शिकवलं. मी त्याच्या बायकोला हसले, ते मला अजून झोपू देत नाही."

डुलक्या खाली बघत होता. बैठकीत कुणी हसलं नाही.

"मीठ ज्याचं त्याचंच राहू द्या," बायजा पुढे म्हणाली. "ते मी सोडणार नाही. पण हंगामातली पहिली पाटी प्रत्येकाने बांधासाठी आणि वैद्यबुवांसाठी टाकायची. ज्याचं जास्त पिकेल त्याने दोन टाकायच्या. बांधावर सगळ्यांनी मिळून चालायचं. आणि जो घरी राहील त्याच्याकडे वैद्यबुवांनी न बोलावता जायचं, त्याच दिवशी."

"आणि तो नुसताच झोपलेला असला तर?" कुणीतरी विचारलं.

"तर माझा काढा आहेच," वैद्यबुवा म्हणाले. "शिवाय त्याचं मीठ वाफ्यात पडून चिखल होतंय. माझ्या काढ्याहून कडू औषध ते आहे."

पाटलाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी लोकांनी बांधावरच्या खुंट्या उपटल्या आणि चुलीत घातल्या.

पुढच्या हंगामात पहाटेच्या वेळी वाफे पुन्हा माणसांनी भरले. एक धडधाकट गडी कधीमधी पोट धरून घरी राहायचा. वैद्यबुवा जायचे, हसायचे, काढा पाजून परत यायचे. त्याची रास लहान राहिली आणि त्यासाठी कुणी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. आणि एका घरातली म्हातारी खोकला पदरात लपवत होती. वैद्यबुवा न बोलावता गेले, आजार धरायच्या आतच औषध पोटात गेलं, आणि महिन्याभरात म्हातारी बांधावर चालत सुनेच्या चुगल्या सांगू लागली. खोटं आजारी पडण्यात कुणाचा फायदा उरला नाही आणि खरा आजार लपवण्यात तर नाहीच नाही. मग लोकांनी दोन्ही सोडून दिलं. गलबतं येत राहिली. त्या बांधाला पुन्हा खांड पडली नाही.

तात्पर्य: कष्टाचं फळ ज्याचं त्याला मिळावं आणि आजारपणाचा भार सगळ्यांनी मिळून उचलावा, जे गाव यातलं एकच धरतं, त्याच्या हाती दोन्ही राहत नाहीत.